टाळकऱ्याचा निरोप

निरोप समारंभ हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक ठरीव विधी होऊन बसला आहे. कचेरीतील कोणाची बदली झाली, कोणी सेवानिवृत्त झाला, की एका संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जातात. हार, नारळ आणि शाल येते. वरिष्ठ अधिकारी दोन शब्द बोलतात, सहकारी चार बोलतात, आणि उत्सवमूर्ती गहिवरून एकही शब्द धड बोलू शकत नाही. चहा होतो. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा मनुष्य येऊन बसतो आणि कामकाज पुढे सुरू होते. या विधीला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याने अमुक योजना पार पाडली, तमुक इमारत उभारली, त्याच्याविषयी बोलायला काही तरी हाताशी असते. त्याच्या कर्तृत्वाची यादी करता येते.

पण ज्या मनुष्याने पंचवीस वर्षे केवळ भजनात दुसऱ्या रांगेत उभे राहून टाळ वाजविला, दुसऱ्याने म्हटलेले चरण उचलले आणि धृपद धरले, त्याला निरोप देताना काय बोलावे? त्याच्या नावावर एकही रचना नाही. त्याचा आवाज कोणी वेगळा असा ऐकलेला नाही. किंबहुना तो वेगळा ऐकू आला नाही, हीच त्याची थोरवी. अशा मनुष्याच्या निरोपाच्या वेळी वक्त्याची मोठी पंचाईत होते.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी मंडळींत ही पंचाईत विशेष जाणवते. दिल्लीच्या शेजारच्या गाझियाबादसारख्या शहरात नोकरीधंद्याच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे विखुरलेली असतात. आषाढी एकादशीला किंवा गणेशोत्सवात दहा-बारा घरे एकत्र येतात, कोणाच्या तरी बैठकीत सतरंजी अंथरली जाते, गावाकडून आणलेले टाळ पेटीतून बाहेर निघतात. अशा लहानशा मेळ्यात एक जरी माणूस उणा झाला तरी ते लागलीच कळते. मुंबई-पुण्याच्या एखाद्या भजनी मंडळात एकाच्या जागी दुसरा उभा राहतो. पण जेथे मुळात सहाच टाळ असतात, तेथे पाच टाळांचा नाद निराळाच येतो. मग कोणी निवृत्त होऊन साताऱ्याकडे किंवा खानदेशाकडे कायमचा परतत असो, की कोणी इहलोक सोडून जात असो, उरलेल्या पाचांना प्रश्न पडतो, की याला निरोप द्यावयाचा तो कसा?

हा प्रश्न नवा नाही. मराठी समाजाला तो निदान सातशे वर्षांपूर्वीच पडला होता, आणि त्याने आपल्या परीने त्याची उत्तरेही दिली आहेत. त्यांतील काही उत्तरे अंतःकरणाला भिडणारी आहेत, तर एक मान खाली घालावयास लावणारे आहे. ती पाहण्यापूर्वी टाळकरी म्हणजे काय, हे थोडे ध्यानात घेतले पाहिजे.

समूहाने गाण्याच्या आपल्याकडे अनेक रीती आहेत. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. गोंधळात मुख्य गोंधळ्याला साथीदारांची जोड असते. पण सामान्यांतल्या सामान्य माणसाला गाण्यात उभे राहण्याचा अधिकार ज्या रीतीने दिला, ती वारकऱ्यांच्या भजन-कीर्तनाची. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे उभा असतो. त्याच्या मागे अर्धवर्तुळात टाळकरी, बाजूला पखवाजवाला, आणि गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. कीर्तनकार निरूपण करता करता एखाद्या प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारतो, आणि पुढचे चरण टाळकरी झेलतात. कीर्तनकार दमला, क्षणभर थांबला, शब्द विसरला, तरी कीर्तन थांबत नाही. कारण ते त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नसतेच.

दिंडीच्या भजनात तर ही वाटणी आणखी स्पष्ट दिसते. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. एका रांगेने चरण म्हणावयाचा, दुसरीने तो उचलावयाचा. एक बाजू श्वास घेत असते तेव्हा दुसरी गात असते. आणि एकाच रांगेत गाणाऱ्यांचाही श्वास एकाच वेळी तुटत नाही. कोणी अलीकडे घेतो, कोणी पलीकडे. त्यामुळे प्रत्येक गळा मधूनमधून थांबत असूनही ऐकणाऱ्याला गाणे अखंड वाटते. समूहगायनाचे सारे मर्म येथे आहे. प्रत्येकाचा श्वास तोकडा, पण सर्वांचे मिळून गाणे लांब.

अखंड हरिनाम सप्ताहात हेच तत्त्व वीणेच्या रूपाने पाहावयास मिळते. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, असा दंडक असतो. ज्याचा पहारा संपला तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो. देताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, विद्वत्ता यांचा विचार तेथे होत नाही. पहाटेच्या तीन वाजता, मंडपात दोन-चार माणसे डुलक्या घेत असताना, एक शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि घोंगडी पांघरून आडवा होतो. तेथे भाषण होत नाही आणि हारही पडत नाही. वारकऱ्याचा नित्याचा निरोप समारंभ एवढाच. आपली पाळी संपली, आता तुझी. आणि मध्ये वीणा जमिनीला लागता कामा नये.

परंतु माणूस म्हणजे पाळी नव्हे. पाळी बदलली की काम भागते. माणूस गेला की भागत नाही. म्हणून या परंपरेला केवळ वीणा पुढे देऊन थांबता आले नाही. तिला शोकही करावा लागला.

त्या शोकाचे पहिले मोठे चित्र आळंदीचे आहे. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मधील कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी इंद्रायणीच्या काठी समाधी घेतली. तेव्हा त्यांचे वय एकवीस-बावीस वर्षांचे होते. परंपरेने नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत त्या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आले आहे. आजचे अभ्यासक त्या अभंगांच्या कर्तृत्वाविषयी वाद करतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु ज्या कोणी ते रचले त्याला सोबत्याचा निरोप म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते, यात संशय नाही.

त्या वर्णनात तत्त्वज्ञानापेक्षा लहानसहान कामेच अधिक डोळ्यांत भरतात. नामदेवांचे चार पुत्र, नारा, विठा, गोंदा आणि महादा, समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. तुळशी, बेल, फुले अंथरून आसन तयार होते. पुढे ज्ञानेश्वरी ठेवली जाते. जमलेल्या संतमेळ्यात ज्याच्या त्याच्या हाताला काही ना काही काम मिळते. आणि या सर्वांत मोठा भाऊ निवृत्तिनाथ, जो गुरूही आहे आणि ज्याने धीर द्यावयाचा, तोच सर्वांत अधिक कोसळतो. आईबापांनी सोडून दिले तेव्हाही असा कठीण प्रसंग वाटला नव्हता, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडी आहेत. ज्ञानदेवांनी देह, आत्मा, मरण यांचा उलगडा नऊ हजार ओव्यांत केला होता. तो ज्याच्या कृपेने केला, तो गुरू येथे लहान मुलासारखा रडतो आहे. त्या अभंगांना याची लाज वाटलेली नाही. ज्ञान झाले म्हणून निरोप सोपा होतो असे वारकऱ्यांनी कधी मानले नाही.

मुलांनी जागा झाडली, ही गोष्ट साधी वाटते. पण मृत्यूच्या घरी ज्यांना जाण्याचा प्रसंग आला आहे त्यांना तिचे मोल कळेल. अशा वेळी बोलायला शब्द सापडत नाहीत. हाताला केरसुणी सापडली तर माणूस उभा राहू शकतो. समूहाने गाणाऱ्यांचा निरोपही समूहानेच व्हावा, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला काही काम यावे, हा धडा आळंदीने घालून दिला. आजही गावात एखादा जुना वारकरी वारला की त्याच्या अंत्ययात्रेपुढे टाळमृदंगाचा गजर असतो. ज्या रांगेत तो उभा राहत असे तीच रांग त्याला पोहोचवावयास निघते.

ज्ञानदेव मात्र नायक होते. नायकाला निरोप देणारे पुष्कळ असतात. मागच्या रांगेतल्या माणसाचे काय?

या दृष्टीने तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांकडे पाहावे. परंपरेने त्यांची नावे जपून ठेवली आहेत, आणि हीच मोठी नवलाची गोष्ट आहे. महादजीपंत कुलकर्णी, गंगाधरपंत मवाळ, चाकणचे संताजी तेली जगनाडे, महाराजांचे धाकटे बंधू कान्होबा, येलवाडीचे जावई मालजी गाडे, सुदुंबऱ्याचे गवारशेट वाणी, लोहगावचे कोंडपाटील, नावजी माळी, शिवबा कासार ही त्यांतील काही. कुलकर्ण्यापासून कासारापर्यंत, वाण्यापासून पाटलापर्यंत सारा गावगाडा त्या रांगेत उभा होता. याच मालिकेत रामेश्वरभट्टांचेही नाव घेतले जाते. ज्यांच्या विरोधामुळे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, असे चरित्रकार सांगतात, तेच पुढे तुकोबांचे अनुयायी झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली. विरोधकालाही मागच्या रांगेत टाळ घेऊन उभे राहता येते, आणि उभा राहिल्यावर त्याचा पूर्वेतिहास कोणी काढीत नाही, असा या रांगेचा गुण आहे.

इसवी सन १६५० मध्ये तुकोबा गेले. त्यानंतर कान्होबांनी रचलेले शोकाचे अभंग गाथेत समाविष्ट आहेत. ते वाचताना प्रथम धक्काच बसतो. त्यांत गोड गोड स्तुती नाही. आपला भाऊ नेला म्हणून कान्होबा थेट विठ्ठलाशी भांडतात; त्याला दूषणे देतात; माझा भाऊ मला परत दे, अशी मागणी करतात. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याचे चरण उचलले, त्याला स्वतःचा आवाज फुटला तो या शोकात. रांगेतल्या माणसाला स्वतःचे असे बोलावयाचे नसते असे नव्हे. त्याने ते राखून ठेवलेले असते.

आणि टाळकऱ्याच्या स्वतःच्या निरोपाची म्हणून जी कथा आहे ती संताजी जगनाड्यांची. संताजी धंद्याने तेली. तुकोबांच्या अभंगांचे लेखन करणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या वह्यांना गाथेच्या अभ्यासकांनी मोठे महत्त्व दिले आहे. म्हणजे इंद्रायणीकाठी जे गायिले गेले ते आपल्यापर्यंत पोहोचण्यात या टाळकऱ्याचा वाटा आहे. पुढे ते सुदुंबरे येथे वारले. तेथे त्यांची समाधी आहे. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

कथा अशी सांगतात. तुकोबा आणि संताजी यांनी एकमेकांना वचन दिले होते, की जो मागे राहील त्याने पुढे गेलेल्याला मूठमाती द्यावी. तुकोबा आधी गेले, आणि तेही अशा रीतीने की मूठमातीचा प्रसंगच आला नाही. वर्षे लोटली. संताजी वारले. लोकांनी समाधीत देह ठेवून माती लोटली. परंतु किती माती लोटली तरी मुख काही झाकेना. मंडळी थकली. तेव्हा स्वतः तुकोबा वैकुंठाहून आले, आपल्या हाताने त्यांनी मूठमाती दिली, आणि मुख झाकले गेले.

ही कथा इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. पण समाज कथा रचतो त्या काही तरी सांगण्यासाठीच. या कथेचा कर्ता कोण असेल तो असो; त्याने एक अवघड गोष्ट ओळखली होती. जगाने संताजींना हवी तेवढी माती दिली, तरी निरोप पुरा होईना. कारण ज्याच्या मागे हा माणूस जन्मभर उभा राहिला, त्याने मागे वळून पाहिलेले नव्हते. कीर्तनात कीर्तनकाराची पाठ टाळकऱ्यांकडे असते. मागून येणारा आवाज तो ऐकतो, त्यावर विसंबून राहतो, पण तोंडे पाहत नाही. या कथेत तो एकदा वळतो. नायकाने आपल्या साथीदाराकडे वळून पाहिल्याखेरीज साथीदाराचे डोळे मिटत नाहीत, एवढेच तिला सांगावयाचे आहे. आणि ही ओळख लोकांनी वैकुंठातून परत येण्याइतकी महत्त्वाची मानली.

येथवरची उत्तरे मनाला समाधान देणारी आहेत. आता ज्या उत्तरापाशी मान खाली जाते त्याकडे वळले पाहिजे. ते मंगळवेढ्याचे आहे.

चोखामेळा मंगळवेढ्याचे राहणारे. नामदेवांच्या संतमेळ्यातील हा एक थोर कवी. एकटेच नव्हे, तर त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा यांचेही अभंग उपलब्ध आहेत. पाच माणसे अभंग रचतात असे घर विरळाच. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असे जनाबाईंच्या नावावरचा एक अभंग सांगतो. म्हणजे त्यांचा शब्द ब्राह्मणाच्या लेखणीला चालला, त्यांचा सूर वाळवंटातल्या मेळ्याला चालला. परंतु ज्या विठ्ठलासाठी तो शब्द आणि सूर होता, त्याच्या देवळात पाऊल टाकण्याची मुभा त्यांना नव्हती, कारण ते महार होते. मंडळी महाद्वारातून आत जात, चोखोबा बाहेर राहत. वाळवंटात एक रांग आणि देवळाच्या दारी दुसरी, असा हा विपरीत प्रकार होता.

शके १२६० मध्ये, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते. त्या कामावर चोखोबा मजूर म्हणून होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली अनेक मजूर गाडले गेले. कवी म्हणून, संत म्हणून ज्याची कीर्ती झाली होती, त्याला मरण आले ते वेठीच्या दगडाखाली. ही वार्ता कळल्यावर नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्याखालून निघालेल्या अस्थी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. त्यांतील चोखोबांच्या कोणत्या? कथा सांगते, की नामदेव एकेक अस्थी उचलून कानाशी धरीत, आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येई ती चोखोबांची म्हणून बाजूला ठेवीत. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

समूहात गाणाऱ्या माणसाला दिलेला याहून हृद्य निरोप कोणत्या भाषेत असेल असे वाटत नाही. रांगेत आवाज मिसळून गेला म्हणून तो हरवत नाही. बरोबर गाणाऱ्याचा कान तो ओळखतो, हाडांच्या ढिगातूनही ओळखतो. परक्याला तो आवाज वेगळा ऐकू येत नसेल. शेजारी उभा राहिलेल्याला येतो. पंचवीस वर्षे ज्याच्या खांद्याला खांदा लावून टाळ वाजविला, त्याच्या टाळाचा ठोका कानाला माहीत असतो. तेव्हा टाळकऱ्याविषयी काय बोलावे असा प्रश्न ज्याला पडतो, त्याने व्यासपीठावरच्या वक्त्याला विचारू नये. रांगेत त्याच्या शेजारी कोण उभा होता ते शोधून काढावे आणि त्याला विचारावे.

पण येथे थांबून टाळ्या घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समाधी महाद्वारासमोर झाली. म्हणजे महाद्वाराबाहेर झाली. जिवंतपणी चोखोबा जेथे थांबत, तेथेच मेल्यावरही थांबले. आणि पुढे शतकानुशतके त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांनी चोखोबांच्या समाधीपर्यंतच यावे, पलीकडे जाऊ नये, असा दंडक पडला. नामदेवांनी प्रेमाने उभारलेली खूण समाजाने सीमारेषा म्हणून वापरली. निरोप सुंदर झाला, पण अन्याय तसाच राहिला. आणि सुंदर निरोपाचा आधार घेऊन तो अधिक सुखाने राहिला, असेही म्हणावे लागते. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. तोही एक निरोपच होता. पण हिशेब मांडून दिलेला.

त्याच्या आदल्याच वर्षी पंढरपुरात एक महत्त्वाची घटना घडली होती. पंढरीच्या विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगाव सभा झाल्या. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गाणी गात त्यांच्याबरोबर हिंडले. म्हणजे येथेही एक मेळा होताच. अखेर १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले, आणि मंदिराची दारे उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांच्या मृत्यूपासून त्या दिवसापर्यंत सहाशे नऊ वर्षे गेली होती. एका टाळकऱ्याला रांगेतली त्याची जागा देवळाच्या आतपर्यंत मिळावी, यासाठी लागलेला हा काळ आहे. आज जो वारकरी महाद्वाराशी चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवून आत जातो, त्याने ती पंधरा-वीस पावले टाकताना हा काळ आठवावा.

त्या समाधीच्या जवळच नामदेवांची पायरी आहे. इसवी सन १३५० मध्ये नामदेव निवर्तले. आपली जागा देवळाच्या पायरीशी असावी, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी, अशी त्यांची इच्छा होती असे परंपरा मानते. नामदेव काही लहान असामी नव्हते. त्यांनी पंजाबपर्यंत संचार केला. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. घुमानला त्यांचे स्मारक आहे, आणि त्याच घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. उत्तरेत राहणाऱ्या मराठी माणसाचा हा पहिला पूर्वज म्हणावा. अशा मनुष्याने स्वतःसाठी मागितले काय, तर एक पायरी.

आळंदीलाही अशीच एक पायरी आहे. ती हैबतबाबांची. साताऱ्याजवळच्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी नोकरीस होते. नोकरी सोडून ते आळंदीला येऊन राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानदेवांच्या पादुका पालखीत घालून आषाढी वारीला नेण्याचा, दिंड्यांची शिस्त बांधण्याचा परिपाठ घातला. आज लाखो माणसे ज्या क्रमाने चालतात आणि गातात, त्या क्रमामागे या निवृत्त सरदाराची योजना आहे. त्यांनाही मोठे स्मारक नाही. मंदिराच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे, आणि आळंदीच्या कार्तिकी यात्रेचा आरंभ त्या पायरीच्या पूजनाने होतो.

पायरी ही वस्तूच मोठी विलक्षण आहे. तिच्याकडे पाहण्यासाठी कोणी मुद्दाम येत नाही. परंतु तिच्यावाचून आत जाता येत नाही. टाळकऱ्याच्या कामाला याहून योग्य उपमा शोधावयाची तरी कशाला? देवळाचे शिखर दुरून दिसते, आणि लोक नमस्कार करतात तो शिखराला. पायरी पायाखाली येते तेव्हाच कळते, आणि तीही नीट असली तर कळतच नाही.

आता पुन्हा त्या लहानशा मेळ्याकडे यावे. गाझियाबाद असो, इंदूर असो, की मावळातले एखादे खेडे असो. एक जुना टाळकरी निघाला आहे, आणि मंडळी विचारात पडली आहेत. परंपरा त्यांना काय सांगेल?

ती सांगेल, की भाषणाची फार चिंता करू नका. प्रत्येकाच्या हाताला काम द्या. मुलांना जागा झाडू द्या. रडू आले तर ज्ञानाचा आव आणून ते दाबू नका. निवृत्तिनाथांनी दाबले नाही. मेळ्यात जो पुढे उभा राहून गातो, त्याने त्या दिवशी तरी मागे वळावे आणि दोन्ही हातांनी त्याला नमस्कार करावा. ज्याचा खांदा त्याच्या खांद्याला लागत असे त्याने, त्याचा टाळ कोठे किंचित पुढे जाई आणि कोठे मागे राही, कोणत्या अभंगाला त्याचा गळा भरून येई, ते सांगावे. बाकीच्यांना ते माहीत नसते. त्याचा टाळ पेटीत बंद करून ठेवू नये. कोणा पोराच्या हाती द्यावा. पोर बेताल वाजवील. प्रारंभी सर्वांनीच तसा वाजविलेला असतो.

आणि सर्वांत आधी परंपरा विचारील, की हा माणूस तुमच्यात होता तेव्हा त्याला तुम्ही कोठपर्यंत आत घेतले होते? भजनाला बोलावले, पण पंगतीला बोलावले होते का? त्याचा आवाज हवा होता. त्याची अडचण कोणी विचारली होती का? मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यापाशी नामदेवांना जे करता आले ते त्यांनी केले, आणि त्याला तोड नाही. परंतु अस्थी ओळखण्यापेक्षा माणूस ओळखणे अधिक सोपे असते, आणि ते वेळेवर करता येते. ज्या मंडळाने ते केले असेल त्याला निरोपाच्या दिवशी फारसे काही बोलावे लागणार नाही.

दिंडीत चालणाऱ्या रांगेतून एखादा बाजूला झाला, की शेजारचे दोघे पाऊल न चुकविता एकमेकांच्या जवळ सरकतात. पाहणाऱ्याला रांग पूर्ववत दिसते. फक्त त्या दोघांना ठाऊक असते, की आपल्यामध्ये एक माणूस होता. आणि पुढचा चरण उचलताना ते दोघे, कोणी सांगितले नसताही, थोडा अधिक जोर लावतात.